‘जड’ गोळीची भीती

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका आजींना तोंडाच्या कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. मुलाने ती आणलीच नाही. “सिस्टर, ते शेवटचं औषध असतं ना? त्यापेक्षा ट्रॅमाडॉल हलकं.” आजी 3 रात्री भिंतीला टेकून बसून होत्या.

हलकं-जड हे शब्द इथे फसवतात. अफूच्या वर्गातल्या औषधांची ताकद मोजताना तोंडाने घेतलेलं मॉर्फिन माप म्हणून धरतात. ट्रॅमाडॉलची ताकद त्याच्या साधारण दहावा ते पाचवा हिस्सा. म्हणजे ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल ५ ते १० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या आसपास. मुलाची ‘हलकी’ कॅप्सूल आणि आजींची ‘जड’ गोळी यांत फारसं अंतर नव्हतंच! कोडीन तर यकृतात त्याचं मॉर्फिन झाल्यावरच नीट काम करतं आणि काहींच्या शरीरात ते पुरेसं होत नाही. फेंटानिल मॉर्फिनच्या जवळपास १०० पट, म्हणून त्याचा पॅच मायक्रोग्रॅममध्ये असतो. पण १०० पट ताकद म्हणजे १०० पट आराम नव्हे; तेवढ्याच आरामाला औषध कमी लागतं, इतकंच.

खरा फरक पुढे पडतो. ट्रॅमाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, फिट येण्याचा धोका असतो. मॉर्फिन मात्र दुखणं वाढेल तसं डॉक्टर वाढवू शकतात. (हा हिशेब घरी करून गोळ्या बदलू नका. वय, किडनी, आधीची औषधं, सगळं बघावं लागतं.)

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दवाखानेही मॉर्फिन ठेवायला कचरत. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, तरी ते बहुधा मान्यताप्राप्त रुग्णालयात मिळतं. सिव्हिलमध्ये पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा.

एका ताईंनी विचारलं, याने पाचवं शील मोडतं का? ताई, नशेसाठी पिणं वेगळं आणि दुखण्यासाठी मोजून घेणं वेगळं.

साधी गोळी बहुधा दर ४ तासांनी असते. दुखायची वाट न बघता घड्याळ लावून द्या. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, नाहीतर बद्धकोष्ठतेलाच कंटाळून रुग्ण गोळी सोडतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी नको. हाक मारून माणूस उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस न देता १०८ ला फोन करा.

चौथ्या दिवशी मुलाने गोळी आणली. त्या रात्री आजी आडव्या होऊन झोपल्या.