तेहतीस दिवस आधी

11 जुलै 2025 च्या शुक्रवारी फुटबॉलच्या दोन बातम्या आल्या. पहिली लिव्हरपूलची. अपघातात गेलेल्या दियोगो जोटाचा 20 क्रमांक क्लबने कायमचा निवृत्त केला. मुख्य संघ, महिलांचा संघ, अकादमीतली मुलं, कुणाच्याही पाठीवर तो आता दिसणार नाही. दुसरी आपल्या देशातली. इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं, की 2025-26 चा हंगाम तूर्त थांबवून ठेवत आहोत. त्यानंतर दोनच दिवसांनी, रविवारी 13 तारखेला, लिव्हरपूल नव्या हंगामाआधीचा पहिला सराव सामना प्रेस्टनच्या मैदानावर खेळला. इंग्लंडमधले दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. नागपुरातल्या हुडकेश्वरमध्ये मी तो सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. तेव्हापासून या दोन बातम्या मला वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

आमच्या लेआउटमधली पोट्टी पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर फुटबॉल खेळतात. त्यांच्यातल्या एकाने त्या संध्याकाळी मला विचारलं, "काका, फ्रेंडली आहे ना? पॉइंट नाही, कप नाही, त्यात काय बघता?" प्रश्न खरा आहे आणि तो अनेक वाचकांच्याही मनात असेल. त्याचं नीट उत्तर द्यायचं, तर आधी हे सराव सामने असतात कशासाठी ते पाहायला हवं.

युरोपातला हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा सुरू होतो. मधल्या सुट्टीत खेळाडूचं शरीर सैल पडतं. धावण्याचा दम कमी होतो. झटकन वळणं, थांबणं, पुन्हा पळणं यासाठी लागणारी स्नायूंची तयारीही उतरते. ती एकदम परत आणायला गेलं, की मांडीचा मागचा स्नायू फाटतो आणि गडी दोन महिने घरी बसतो. म्हणून प्रशिक्षक पायरीपायरीने चढतात. पहिल्या सामन्यात बहुतेकांना 45 मिनिटं, मग साठ, मग त्याहून थोडं पुढे, आणि शेवटच्या सामन्यात पूर्ण 90. पहिल्या सामन्यात मध्यंतरानंतर अकराच्या अकरा खेळाडू बदलतात ते याचमुळे. शिवाय त्या आठवड्यात कधी कधी दिवसातून दोनदा कसून सराव झालेला असतो, त्यामुळे पाय जड असतात. पास एक पाऊल मागे पडतो, चेंडू नडगीला लागून उडतो. जुलैमध्ये हे दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

या सगळ्या आखणीची मोजणी उलटी होते. लीगचा पहिला सामना ज्या दिवशी, तिथून मागे मोजत यायचं. लिव्हरपूलचा लीगमधला पहिला सामना 15 ऑगस्टला बोर्नमथशी होता, म्हणजे प्रेस्टन तेहतीस दिवस आधी. मधल्या दिवसांत हाँगकाँगला मिलानशी, जपानमध्ये योकोहामाशी, घरच्या मैदानावर अथलेटिक बिल्बाओशी लढती आणि मग क्रिस्टल पॅलेसविरुद्ध कम्युनिटी शील्ड. आशियाचा दौरा जर्सी विकायला आणि नवा चाहता जोडायलाही असतो, हे उघड आहे. पण कोणत्या आठवड्यात किती भार द्यायचा हे 15 ऑगस्ट ही तारीख ठरलेली होती म्हणूनच ठरवता आलं. पहिली तारीख हातात नसेल, तर मागे मोजायचं कुठून?

प्रेस्टनचा सामना मात्र फक्त पायांच्या तयारीचा नव्हता. 3 जुलैला स्पेनमधल्या सामोराजवळ मोटार अपघातात जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा दोघेही गेले. जोटा 28 वर्षांचा होता. त्याचं लग्न होऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. फुप्फुसावर उपचार झाल्यामुळे विमानाने जाऊ नकोस असा त्याला वैद्यकीय सल्ला होता, म्हणून तो सांतान्देर बंदराकडे मोटारीने निघाला होता. तिथून बोटीने इंग्लंड गाठायचं आणि संघाच्या सरावाला हजर व्हायचं. तो प्री-सीझनलाच, म्हणजे या तयारीलाच, निघाला होता. हे कळल्यानंतर 'फ्रेंडलीच तर आहे' असं मला म्हणता येत नाही.

सामना होऊ द्यावा की नाही, याचाही विचार झालाच असणार. प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी सामन्याआधी जे सांगितलं त्याचा आशय असा होता, की झालेल्या गोष्टीपुढे काहीच महत्त्वाचं वाटत नाही, तरीही हा फुटबॉलचा संघ आहे आणि त्याला खेळायला हवं. खेळाडूंना हसावंसं वाटलं तर हसावं, रडावंसं वाटलं तर रडावं. प्रेस्टनच्या कर्णधाराने लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसमोर पुष्पचक्र ठेवलं. 'यूल नेव्हर वॉक अलोन' हे लिव्हरपूलचं गाणं झालं. विसाव्या मिनिटाला स्टँडमधून जोटाचं गाणं उठलं. पडद्यावर पाहणाऱ्या माझ्यासारख्यालाही तेव्हा बसवेना.

फुटबॉलही झाला. तेहतिसाव्या मिनिटाला कॉनर ब्रॅडलीने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर डार्विन नुन्येझने दुसरा केला आणि जोटा गोल केल्यावर जसा आनंद साजरा करायचा, तशीच खूण केली. प्रेस्टनच्या लियाम लिंडसेने एक गोल फेडला आणि शेवटी कोडी खाकपोने तिसरा मारून बोटांनी 20 हा आकडा दाखवला. 3-1. सामना संपल्यावर खेळाडू प्रेक्षकांसमोर बराच वेळ उभे राहिले. जोटाने या क्लबसाठी 182 सामन्यांत 65 गोल केले. त्यातला शेवटचा 2 एप्रिलला एव्हर्टनविरुद्ध, 1-0 जिंकलेल्या सामन्यातला एकमेव गोल. त्याच महिन्याच्या 27 तारखेला लिव्हरपूल विसाव्यांदा इंग्लंडचं विजेतं झालं.

आता त्या पोट्ट्याच्या प्रश्नाकडे. पॉइंट नसलेल्या सामन्यात बघायचं काय? माझं मत असं आहे, की गोल कोणी केला याकडे सगळ्यात कमी लक्ष द्यावं. प्रेस्टनमधला नुन्येझचा गोल सुंदर क्षण होता, पण महिना उलटायच्या आत तो सौदी अरेबियाच्या अल हिलालला विकला गेला आणि 15 ऑगस्टला संघातच नव्हता. जुलैतल्या गोलांवर हंगामाचा अंदाज बांधणारे दरवर्षी फसतात.

पाहायचं ते चेंडू गमावल्यानंतरच्या पाच सेकंदांत. चेंडू गेला की जवळचे तिघे त्यावर तुटून पडतात, की कंबरेवर हात ठेवून मागे वळतात? बचावाची रांग आणि मधली फळी यांच्यात किती मोकळी जागा राहते? थकलेल्या पायांनीही नीट बांधलेला संघ आपली अंतरं सोडत नाही. ही गोष्ट स्कोअरबोर्डवर कधी येत नाही आणि टीव्हीचा कॅमेराही ती अर्धवटच दाखवतो, म्हणून चेंडूवरून नजर काढून मागच्या चौघांकडे बघायची सवय करावी लागते. लिव्हरपूलच्या बाबतीत हा प्रश्न त्या उन्हाळ्यात जास्तच टोकदार होता. उजव्या बगलेवरचा ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड रियाल माद्रिदला गेला होता. बगलांसाठी जेरेमी फ्रिम्पाँग आणि मिलोश केर्केझ हे दोन नवे गडी घेतले होते आणि दोघेही पुढे धावत जाणारे. ते पुढे गेल्यावर मागे कोण? 26 जुलैला हाँगकाँगमध्ये मिलानने याच मोकळ्या जागांतून झटपट हल्ले करत 4-2 अशी मात केली. तेव्हा 'सरावच आहे' म्हणून पुष्कळांनी ते सोडून दिलं. बोर्नमथविरुद्ध संघ 4-2 जिंकला, पण दोन गोलांची आघाडी आधी हातची गेली होती. लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले आणि मग क्रिस्टल पॅलेस, चेल्सी, मँचेस्टर युनायटेड, ब्रेंटफर्ड असे ओळीने चार हरले. आजार जुलैतच दिसत होता. निकाल खोटं सांगत होता आणि अंतरं खरं सांगत होती.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कोवळी मुलं. मोठे खेळाडू सुट्टीच्या आळसातून बाहेर येत असतात तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तीच वीस मिनिटं जन्माची संधी असते. रिओ न्गुमोहा नावाचा सोळा वर्षांचा मुलगा त्या उन्हाळ्यात सराव सामन्यांतून पुढे आला, बिल्बाओविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला. 25 ऑगस्टला न्यूकॅसलच्या मैदानावर, लीगच्या खऱ्या सामन्यात, वाढीव वेळेच्या शेवटी त्याच्याच गोलाने लिव्हरपूल 3-2 जिंकलं. ज्यांनी जुलै-ऑगस्टचे सामने पाहिले होते, त्यांना तो मुलगा आधीच ओळखीचा झाला होता.

तिकडे हे तेहतीस दिवस ठरल्याप्रमाणे चालले होते, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्या मोठ्या क्लबांचा प्री-सीझन बहुधा ड्युरँड कपने सुरू होतो. ही स्पर्धा 1888 साली सिमल्याला सुरू झाली. इंग्लंडची फुटबॉल लीगही त्याच 1888 ची आणि तिचं पहिलं विजेतेपद एकही सामना न हरता जिंकणारा क्लब म्हणजे हाच प्रेस्टन. म्हणजे खेळाच्या वयात आपण मागे नाही. पण 23 जुलैला 2025 चा ड्युरँड सुरू झाला तेव्हा सुपर लीगमधले निम्म्याहून कमी क्लब मैदानात आले. महाराष्ट्राचा मुंबई सिटी एफसी त्यात नव्हता. ज्या हंगामाची तारीखच नाही, त्याच्या तयारीवर पैसा कोण घालणार?

अडचण कागदाची होती. भारतीय फुटबॉल महासंघ आणि सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 ला संपत होता. नवा करार झाला नव्हता. हंगाम सप्टेंबरात सुरू करायचा आणि त्याच्या मधोमध हक्क संपायचे, हे कंपनीला नको होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला बंगळुरूच्या क्लबने पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले, चेन्नईच्या क्लबने कामकाज थांबवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबरच्या शेवटी गोव्यात सुपर कप झाला, तो 7 डिसेंबरला एफसी गोवाने जिंकला. लीग मात्र 14 फेब्रुवारी 2026 ला सुरू झाली, आधीच्या हंगामापेक्षा पाच महिने उशिरा आणि निम्मीशी. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकेकदाच सामना.

खेळाडूच्या शरीराला करार कळत नाही. जुलैत तयार केलेले पाय ऑक्टोबरपर्यंत तसेच राहत नाहीत, ते पुन्हा घडवावे लागतात, आणि दर वेळी दुखापतीचा धोका नव्याने पत्करावा लागतो. उलट उदाहरण मुंबई सिटीचं. हा 2020-21 मध्ये लीगची ढाल आणि चषक दोन्ही जिंकलेला संघ. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्या विजयाआधी संघाने अबू धाबीत जाऊन सराव केला होता. म्हणजे वेळेवर, तारखेवरून मागे मोजून तयारी केली, तर आपले खेळाडूही काय करतात हे दिसलेलं आहे.

आणि नागपूर? नागपूर क्रिकेटचं शहर म्हणून ओळखलं जातं, पण इथला जुलै फुटबॉलचाच आहे. कामठी आणि मोमिनपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळला जातो. 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. पुढे त्या कामाला फिफाचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट 2022 मध्ये आला तो यावरच. बादलीने खेळणाऱ्या त्या पोरांना पॉइंटही नव्हते आणि कपही नव्हता.

हुडकेश्वर 2013 मध्ये महापालिकेत आलं. तेव्हापासून इथे घरं भराभर वाढली आणि मोकळे प्लॉट भराभर कमी झाले. प्रेस्टनच्या सामन्याच्या आठवड्यात, 8 आणि 9 जुलैला, एवढा पाऊस झाला की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या भागातल्या प्लॉटवर गुडघाभर पाणी होतं. ते ओसरलं आणि चिखलात पोट्टी पुन्हा उतरली. त्यांच्यात एक डावखुरा आहे, चेंडू पायाला चिकटवून वळतो. त्याला प्रशिक्षक मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. पण उद्या तो एखाद्या क्लबपर्यंत पोचला, तर त्याला निदान एवढं तरी मिळायला हवं, की हंगाम कधी सुरू होणार हे त्याला आधी कळेल.

भारतीय फुटबॉल महासंघाकडे चाहत्याची मागणी एवढीच आहे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याची तारीख आदला हंगाम संपायच्या आत जाहीर करा आणि ती पाळा. बाकीचं प्रशिक्षक आणि खेळाडू मागे मोजून बघून घेतील. आणि वाचकांनो, पाऊस सुरू झाला की एखाद्या संध्याकाळी तुकडोजी पुतळा ओलांडून रेशीमबागेच्या मैदानाकडे जा, किंवा मोतीबागेला, नाहीतर कामठीला. तिथे पोरं खेळत असतील. गोल मोजू नका. चेंडू गेल्यावर कोण धावतं, तेवढं पाहा.