आयात अन्न आणि किरणोत्साराचे माप

बाजारात धान्य घेताना आपण ते हातात घेऊन पाहतो, हुंगतो, दाताखाली चावून बघतो. किरणोत्सारी द्रव्याला मात्र रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. दूध कितीही उकळा, ते त्यातून जात नाही. म्हणून इथे गृहिणीचे डोळे उपयोगी पडत नाहीत. यंत्र लागते, आणि यंत्राने दाखविलेला आकडा किती झाला म्हणजे माल परत पाठवावयाचा, हे ठरविणारा कायदा लागतो.

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएट युक्रेनमधील चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. वाऱ्यापावसाबरोबर द्रव्ये युरोपभर पसरली. गवतावर पडली, गाईच्या पोटात गेली, दुधात उतरली. आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते. सीझियम-१३७ निम्मे व्हावयास तीस वर्षे लागतात. युरोपीय आर्थिक समुदायाने त्याच मे महिन्यात पूर्व युरोपातील काही मालाची आयात थांबविली आणि महिनाअखेर मर्यादा घालून दिली : दूध व बालान्न यांत किलोमागे ३७० बेकरेल, इतर अन्नात ६००. सेकंदाला एक अणू फुटणे, याचे नाव एक बेकरेल.

हा ३७० कोठून आला? जुन्या मापात तो बरोबर दहा नॅनोक्युरी होतो. म्हणजे हा आकडा निसर्गाने आखून दिलेला नाही, माणसांनी ठरविलेला आहे. पुढे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंस्थेने सीझियमसाठी १००० बेकरेलची पातळी सुचविली. फुकुशिमाच्या २०११ च्या अपघातानंतर जपानने एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नासाठी १०० आणि दुधासाठी ५० ही मर्यादा लावली. सीझियम एकच, मग आकडे वेगळे का? कारण गृहीत वेगळे. वर्षाला एक मिलिसीव्हर्ट हे उद्दिष्ट दोघांचेही. पण कोडेक्सने अन्नाचा दहावा हिस्सा दूषित धरला, जपानने निम्मा.

कामगारांना हे समजावयास अवघड नाही. महागाई भत्त्याच्या निर्देशांकावर आम्ही जन्मभर भांडलो. बेरीज बरोबर असते. वाद असतो तो टोपलीत कोणत्या वस्तू किती धरल्या याचा. इथेही टोपली कोणाची, हाच प्रश्न आहे. केवळ दुधावर वाढणारे मूल आणि चौरस जेवणारा प्रौढ यांची टोपली एक नव्हे.

हा प्रश्न आपल्या दारीही आला होता. आयर्लंडहून मदत म्हणून आलेले २०० टन लोणी दूषित आहे, अशी तक्रार मुंबईच्या उच्च न्यायालयात गेली, तेथून सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने लोणी खाण्यास निर्धोक ठरविले आणि १९८८ साली प्रकरण मिटले. शास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सीझियम पाण्यात विरघळते, स्निग्धांशात नाही, म्हणून ते ताकाकडे अधिक जाते, लोण्यात थोडे उरते. उलट दुधाची भुकटी करताना पाणी उडते आणि किलोमागचा आकडा वाढतो. म्हणून "दुग्धजन्य पदार्थ" असा एकच शिक्का मारून भागत नाही.

तक्रार निष्फळ ठरली, तरी ती व्यर्थ गेली असे आम्ही मानीत नाही. नागरिकांनी विचारले, म्हणून तपासणीला तोंड फुटले. दूषित माल बाहेर पाठवू नये, असा निर्यातीचा नियम युरोपीय समुदायाने पुढील अपघातांसाठी केला, तो १९८९ साली; आयातीचा नियम मात्र १९८६ सालीच झाला होता. आपले दार आधी लागते, शेजाऱ्याचा विचार मागाहून येतो.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची असावी. प्रत्येक खेपेचा नमुना वेगळा तपासावा, कारण चांगल्या मालात वाईट माल मिसळला की सरासरी सोज्वळ दिसते. मर्यादा ठरविताना लहान मुलांचे खाणे आधी धरावे. आणि तपासणीचा आकडा बंदरावर मराठीत लावावा, म्हणजे पोते पाठीवर घेणारा हमाल आणि ते विकत घेणारी आई, दोघेही तो वाचू शकतील.