चार ओळींची रोजनिशी

मराठी घरात रोजची नोंद कोठे होत असे, असे कोणी विचारले तर ‘रोजनिशीत’ हे उत्तर ऐटबाज असले तरी फारसे खरे नाही. छापील तारखांची, कापडी बांधणीची डायरी पुष्कळांना भेट मिळते, आणि तिची जानेवारीची पहिली दहा-बारा पानेच काय ती शाईचे तोंड पाहतात. खरी नोंद होते ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर. ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघाले, तेव्हापासून त्याच्या चौकटींत गृहिणींनी दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, मोलकरणीची उचल आणि सासऱ्यांच्या औषधाचा दिवस टिपून ठेवला. संसाराचा इतका खरा इतिहास दुसरीकडे कोठेही लिहिला गेलेला नाही. दुर्दैव एवढेच, की नवे वर्ष लागले की तो रद्दीत जातो, किंवा डब्यांखाली अंथरला जातो.

हे टिपण आता खिशातल्या फोनवर येऊन बसले आहे. ॲप या नावाने ओळखली जाणारी छोटी साधने आज उदंड झाली आहेत. त्यांतले अगदी साधे म्हणजे टिपणवहीचे. उघडले की एक कोरी जागा समोर येते, लिहिले की ते साठते, शोधले की सापडते. गूगलचे ‘कीप’ २०१३ साली आले. बहुतेक फोनांत अशी एखादी वही आधीपासून असतेच. पुष्कळ मंडळी तर वेगळे ॲप घेण्याच्या भानगडीत पडत नाहीत; व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप धाडतात. पूर्वी त्यासाठी एकट्याचाच गट करून बसावे लागे. २०२२ च्या नोव्हेंबरात स्वतःला निरोप पाठविण्याची रीतसर सोय झाली. सोय खरी, पण सुप्रभाताच्या फुलांच्या आणि वरातीच्या चित्रफितींच्या गर्दीत आपली नोंद ठेवणे म्हणजे बाजारात बसून हिशेब लिहिणे होय. त्यापेक्षा वेगळी वही बरी.

दोन-चार ओळींच्या नोंदीला कोणी क्षुल्लक समजू नये. आपल्या इतिहासाचे कितीतरी खांब अशाच ओळींवर उभे आहेत. रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती: शक, महिना, तिथी आणि त्या दिवशी काय घडले, एवढाच मजकूर. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्धीस आणली, आणि शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, ही नोंद अभ्यासकांपुढे आली. आज महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला शासकीय शिवजयंती साजरी होते, तिच्यामागे त्या कोरड्या ओळीचे बळ आहे. पेशव्यांच्या दप्तरातील रोजकीर्दींची गोष्ट तशीच. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांवर निबंध वाचला. बखरी राजकारण आणि लढाया सांगतात. प्रजा कशी राहत होती, कर, न्याय, पंचायती, सावकारी कशी चालत होती, हे या रोजच्या नोंदींतून कळते, हा त्यांचा मुद्दा होता. लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह.

बालाघाटकरांना हा शब्द परका नाही. येथील पोलीस ठाण्यातील दैनंदिन नोंदवहीला रोजनामचाच म्हणतात. परंतु घरातल्या नोंदीचा प्रश्न आपल्याकडे जरा निराळा आहे. वैनगंगेकाठचा हा जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून झाला, आणि नागपूर विभागात राहिला. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. कचेरीची भाषा हिंदी, शाळेची बहुतांशी हिंदी, बाजाराची हिंदी. बोलण्यात मराठी उरली, परंतु हाताने मराठी लिहावी असा प्रसंग कोणता राहिला? लग्नपत्रिका, एखादे पत्र, आणि आईच्या हातची वाणसामानाची यादी. पत्रे तर आता कोणी लिहीत नाही. तेव्हा दिवसाला दोन ओळी मराठीत लिहिण्याची सवय हा पुष्कळ घरांतला मराठी लिखाणाचा शेवटचा आसरा ठरू शकेल, असे मला वाटते. यात अतिशयोक्ती असेल तर ती थोडीच आहे.

लिपी एकच असल्याने आपले काम सोपे आहे, आणि तेथेच ते फसते. फोन हिंदीवर ठेवलेला असतो. त्यावर मराठी लिहू गेले की यंत्र प्रत्येक शब्दाला हिंदीकडे ओढते, आणि ‘ळ’ शोधता शोधता माणूस कंटाळून ‘ल’वर भागवतो. असा ‘ल’ नोंदीत शिरला की पुढे मुलांच्या जिभेवर जायला वेळ लागत नाही. म्हणून फोनच्या मांडणीत जाऊन मराठी कळफलक एकदा निवडून घ्यावा. बोटे चालत नसतील तर बोलून लिहिता येते; गूगलने २०१७ साली ही सोय मराठीला दिली. मात्र भाषा मराठी निवडलेली असली पाहिजे. नाही तर आपले बोलणे यंत्र हिंदी समजून ऐकते आणि भलतेच काही कागदावर, म्हणजे काचेवर, उमटवते.

शोधण्याची शक्ती हा या वहीचा खरा गुण. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला हे कधी जमले नाही. तीन वर्षांपूर्वी पऱ्हे कधी टाकले, रोवणी कोणत्या आठवड्यात झाली, चिन्नौर काय भावाने गेला (या आमच्या सुगंधी तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे), आईचा रक्तदाब दसऱ्याच्या सुमारास किती होता, हे क्षणात समोर येते. डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘बरेच दिवसांपासून’ असे मोघम सांगण्याऐवजी तारीख सांगता येते, हा फायदा तर मोलाचा आहे. पण यंत्र अक्षरशः शोधते. एकदा ‘दूध’ आणि एकदा ‘दुध’ लिहिले तर एक सापडेल, दुसरे नाही. मराठी पाच आणि इंग्रजी वळणाचा पाच हे बहुधा त्याच्या लेखी दोन निराळे आकडे. ऱ्हस्वदीर्घाचा आग्रह धरणाऱ्या मास्तरांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ॲप कोणते घ्यावे, याची फार चिकित्सा नको. जाळे नसतानाही उघडणारे असावे. बैहरच्या जंगलभागात गेल्यावर याचे महत्त्व कळते. तारीख आपोआप पडत नसेल तर ती आपण पहिल्या शब्दाआधी घालावी. रंग, चित्रे, घंटा यांची गरज नाही. बँकेचे गुप्त आकडे त्यात लिहू नयेत, हे सांगण्याचीही वेळ येऊ नये, पण येते.

पाहण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे: लिहिलेले बाहेर काढता येते की नाही. पुष्कळ जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या वह्या आहेत. त्या मोडीत आहेत आणि घरात मोडी वाचणारा कोणी उरलेला नाही. कागद शाबूत, अक्षर शाबूत, वाचक गेला. फोनच्या वहीचे नेमके उलटे होण्याचा संभव आहे: वाचणारा असेल, पण कागदच नसेल. फोन विहिरीत पडतो, कंपनी आपले दुकान आवरते, खाते बंद होते. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचा अधिकार गूगलने डिसेंबर २०२३ पासून आपल्याकडे घेतला आहे. घरातला लिहिणारा माणूस गेल्यावर दोन वर्षे अशीच निघून जातात. वर्षश्राद्धानंतर कोण त्याचे खाते उघडून पाहतो?

यावर उपाय आहेत. गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीने कीपमधील सर्व टिपणे आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. दर पाडव्याला ती उतरवावीत आणि साध्या कागदावर छापून दोऱ्याने शिवावीत. वर्षाला दोन ओळी रोजच्या धरल्या तरी चाळीसएक पानांवर काम भागते. शिवाय खाते निष्क्रिय झाल्यास ते कोणाकडे सोपवावे, याची नोंद त्याच खात्याच्या मांडणीत करता येते. दहापर्यंत माणसांची नावे देता येतात. मुलगी नागपूरला, मुलगा पुण्याला असेल तर दोघांची नावे आजच घालावीत, आणि त्यांना तसे फोन करून सांगावे.