शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसतोय? मग वाट बघू नका

जुम्याची नमाज पढून मी घरी येतो न येतो, तोच शारजाहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. एरवी तो रात्री फोन करतो, त्यामुळे काळजात धस्स झालं. स्क्रीनवर मात्र भाचा नव्हताच. काचेच्या पेटीच्या तळाशी एक हिरवट-तपकिरी सरडा डोळे मिटून पडला होता आणि मागून आवाज येत होता, "मामू, हा दोन दिवस झोपूनच आहे. दुकानवाला म्हणतो नवीन घर आहे, सवय होईल."

नऊ दिवसांपूर्वी त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलासाठी हा शॅमेलिऑन विकत आणला होता. दुकानदाराने काचेची पेटी, लाल बल्ब, पाण्याची वाटी आणि किड्यांचा डबा सोबत दिला. नर आहे, चार महिन्यांचा आहे, काही करावं लागत नाही, एवढीच माहिती मिळाली. मुलगा खुश. रोज शाळेतून आला की त्याला खांद्यावर घेऊन फोटो काढायचा.

मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. पण एक गोष्ट ठाऊक होती. शॅमेलिऑन दिवसाउजेडी झोपत नाही. सूर्यास्ताला झोपतो, उजाडल्यावर उठतो. दिवसा डोळे मिटले म्हणजे तो आजारी आहे. त्याला त्याच संध्याकाळी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर सरडा बघतो असं नाही, त्यामुळे दोन-तीन दवाखान्यांना फोन करावे लागले. पुढे जे समजलं ते आखातात राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

अरबस्तानातला आहे, पण वाळवंटातला नाही

आखातातल्या दुकानांत जो शॅमेलिऑन बहुतेक वेळा दिसतो, त्याच्या डोक्यावर तुऱ्यासारखं उंच हाड असतं. इंग्रजीत त्याला व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणतात. मूळचा तो येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचा. त्यामुळे घेणाऱ्याचा सरळ समज होतो की अरबस्तानातलाच प्राणी आहे, इथली गरमी आणि कोरडी हवा त्याला मानवेल.

गफलत इथेच होते. येमेन आणि असीरचा तो पट्टा डोंगराळ आहे. तिथे पाऊस पडतो, धुकं उतरतं, रात्री गारवा असतो, दऱ्यांमध्ये झाडी आहे. हा सरडा राहतो झाडांवर, आणि पाणी पितो पानांवरचे थेंब चाटून. वाटीतलं स्थिर पाणी हे पाणी आहे हेच बहुतेक शॅमेलिऑनना कळत नाही. भाच्याच्या घरी वाटी रोज भरलेली होती आणि सरडा नऊ दिवस जवळपास तहानलेला होता. त्यात भर म्हणजे पेटी एसीच्या झोतासमोर! एसी हवेतला ओलावा शोषून घेतो, हे आपल्या ओठांना कळतं, मग या छोट्या जिवाचं काय होत असेल.

डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या खोल गेलेले डोळे दाखवले. दुसरी खूण विष्ठेत सापडते. सरड्याच्या विष्ठेला एक घट्ट खडूसारखा भाग चिकटलेला असतो, ती त्याची लघवी. ती पांढरी असेल तर पाणी पुरेसं आहे. ती पिवळी किंवा नारिंगी होऊ लागली की समजायचं, पाणी कमी पडतंय. फार दिवस असंच चाललं तर मूत्रपिंडावर ताण येतो, सांध्यांत गाऊट होतो, आणि मग इलाज अवघड.

उपाय महागडा नाही. सकाळी दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे बंद झाल्यावर पानांवर बारीक फवारा मारायचा, पानं ओलीचिंब होतील इतका. दिवसा पिंजऱ्याच्या वर एक प्लॅस्टिकचा डबा ठेवून त्याला सुईने भोक पाडायचं, म्हणजे थेंब थेंब पाणी पानांवर पडत राहतं. फवारल्यावर मधल्या वेळेत पिंजरा सुकायलाही हवा. कायम ओल आणि कोंदट हवा राहिली तर छातीचा आजार होतो. म्हणूनच काचेची बंद पेटी याला नको, चारही बाजूंनी जाळी असलेला उंच पिंजरा हवा. मोठ्या सरड्यासाठी साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. आत मनी प्लांट, जास्वंद अशी खरी झाडं ठेवली तर ओलावा टिकतो आणि लपायला आडोसा मिळतो. जास्वंदीची पानं-फुलं तर हा सरडा आवडीने खातोही. पिंजरा जमिनीवर ठेवू नका. डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवा. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याला शिकारी वाटते.

खिडकीतलं ऊन पोचतं, पण उपयोगाचं नाही

"मामू, खिडकीत ऊन येतं की!" हे भाच्याचं उत्तर. ऊन येतं खरं, पण हाडांसाठी लागणारे अतिनील किरण, ज्यांना यूव्हीबी म्हणतात, ते साध्या काचेतून आत येत नाहीत. यूव्हीबी नाही तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर हाडांमधलंच कॅल्शियम ओढून घेऊ लागतं. हाडं मऊ होतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा लागतो, फांदीवरची पकड सुटते. काही सरड्यांना जीभ फेकून किडा पकडणंही जमेनासं होतं. पाळीव शॅमेलिऑनमध्ये वारंवार दिसणारा हा आजार आहे, आणि वाढत्या वयाच्या पिल्लात तो झपाट्याने वाढतो.

भाच्याच्या सरड्याचा मागचा डावा पाय किंचित वाकलेला निघाला. जबडाही थोडा नरम होता. नऊ दिवसांत एवढं होत नाही, म्हणजे दुकानातच त्याची सुरुवात झालेली असणार.

लाल बल्बमधून यूव्हीबी मिळत नाही, नुसती उष्णता मिळते. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची वेगळी ट्यूबलाइट येते. व्हेल्ड जातीला पाच-सहा टक्के यूव्हीबीची लांब ट्यूब पुरते. ती जाळीच्या वर बसवायची, आणि सर्वांत वरची फांदी ट्यूबपासून साधारण वीतभर अंतरावर ठेवायची. ट्यूब जळत राहते, उजेडही देते, पण यूव्हीबी हळूहळू संपत जातं, म्हणून वर्षभरात बदलावी लागते. उजेड आहे म्हणजे ट्यूब चांगली आहे, असं समजून दोन-दोन वर्षं तीच चालवणारे लोक खूप आहेत.

उष्णतेसाठी दिवसा साधा पांढरा बल्ब, तोही पिंजऱ्याच्या बाहेर, वरच्या एका कोपऱ्यात. त्याच्याखालच्या फांदीवर 28 ते 30 अंश सेल्सिअस, बाकी पिंजऱ्यात 22 ते 26. अंदाजाने नाही, थर्मामीटर ठेवून. रात्री सगळे दिवे बंद. पूर्ण अंधार आणि थोडा गारवा त्याला हवाच असतो. लाल बल्ब रात्रभर चालू ठेवला तर त्याची झोप मोडते. हिवाळ्यात, हवा छान असताना, जाळीचा पिंजरा थोडा वेळ बाल्कनीत खऱ्या उन्हात ठेवायला हरकत नाही, पण अर्धा भाग सावलीत असलाच पाहिजे. जुलै-ऑगस्टच्या शारजात मात्र असला विचारही करू नका.

किड्याला आधी जेवू घाला

खाण्याचं गणित त्या मानाने सोपं आहे. रातकिडे आणि ड्युबिया जातीची झुरळं हा मुख्य आहार. घरातली झुरळं नकोत, त्यांच्यावर औषध फवारलेलं असतं. किड्याची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी असावी. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी, भोपळा खाऊ घालायचा, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच सरड्याच्या पोटात जातं. किड्यांवर ड जीवनसत्त्व नसलेली साधी कॅल्शियम पावडर बहुतेक प्रत्येक जेवणाला भुरभुरवायची आणि ड व अ जीवनसत्त्वाची पावडर महिन्यातून दोनदाच. जास्त दिली तर तीही बाधते. मेडिकलमधून माणसांचे थेंब आणून पाजण्याचा उद्योग करू नका. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका, ते झोपलेल्या सरड्याला चावतात.

नवीन घरी आल्यावर दोन-चार दिवस त्याने कमी खाल्लं तर घाबरायचं कारण नाही. पण न खाणं आणि दिवसा डोळे मिटणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबायचं नाही. तसंच तोंड वर करून श्वास घेणं, श्वासात टक-टक आवाज, तोंडात चिकट लाळ, ओठाच्या कडेला सूज, फांदी सोडून तळाशी बसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. रानात दुबळा दिसला की खाल्ला जातो, म्हणून हा प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतो. तुम्हाला दिसेपर्यंत तो बरेच दिवस आजारी असतो. जाताना ताजी विष्ठा डबीत घेऊन जा आणि पिंजऱ्याचे, दिव्यांचे फोटो काढून न्या. डॉक्टरांना अर्धं निदान त्यातच सापडतं. भाच्याच्या सरड्याच्या विष्ठेत जंत निघाले. नवीन आणलेल्या प्रत्येक शॅमेलिऑनची ही तपासणी करून घ्यायला हवी, मग तो कितीही टुणटुणीत दिसो.

तो निघाली ती

डॉक्टरांनी सरड्याचे मागचे पाय बघितले आणि विचारलं, "नर म्हणून दिला का?" व्हेल्ड जातीच्या नराला जन्मापासून मागच्या पायाच्या टाचेवर एक छोटा काटा असतो. याला नव्हता. म्हणजे मादी!

ही बाब मजेची वाटेल, पण जिवावर बेतू शकते. मादी नराशिवायही अंडी घालते, कोंबडीसारखीच. कधी वीस, कधी साठ-सत्तर. वयाच्या सहाव्या महिन्याच्या आसपास हे सुरू होऊ शकतं. खणायला ओली वाळू मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात दगावते. म्हणून पिंजऱ्यात फूटभर खोल ओलसर वाळूची बादली कायम ठेवायची. मादी पिंजऱ्यात वर-खाली येरझाऱ्या घालू लागली, खाणं सोडलं, जमीन उकरू लागली, की पिंजऱ्यावर कापड टाकून तिला एकटं सोडायचं. डोकावून बघितलं तर ती खणणं थांबवते. वाढ पूर्ण झालेल्या मादीला जेवण बेतानेच द्यायचं. भरपूर खाल्लं की अंडीही भरपूर होतात आणि आयुष्य घटतं.

मुलाला मात्र सगळ्यांत कठीण गेली ती दुसरीच गोष्ट. खांद्यावर घ्यायचं नाही. शॅमेलिऑनला हात लावलेला आवडत नाही, तो सहन करतो. रंग गडद होणं, अंग फुगवणं, तोंड उघडून फिस्सकारणं ही त्याची नाराजी आहे. आजूबाजूच्या रंगात मिसळायला तो रंग बदलतो, ही ऐकीव गोष्ट. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनवर दाखवून दिलं की त्वचेच्या पेशींतले अतिसूक्ष्म स्फटिक जवळ-दूर सरकतात आणि रंग पालटतो. तो पालटतो मुख्यतः ऊन, थंडी, राग, भीती यामुळे. मुलाच्या फोटोंमध्ये सरडा काळपट दिसत होता, आणि घरच्यांना वाटत होतं की शर्टाच्या रंगात मिसळलाय. दोन शॅमेलिऑनही एकत्र ठेवू नयेत, समोरासमोरसुद्धा नको. हाताळल्यावर आणि पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि स्वयंपाकघराला पिंजऱ्यापासून लांब ठेवा.

गावी घेऊन येऊ का?

पुढच्या वर्षी भाचा कायमचा परत येतोय, त्यामुळे त्याचा शेवटचा प्रश्न हा होता. बॅगेत घालून तर अजिबात नाही. शॅमेलिऑनच्या या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांना देशाबाहेर नेताना तिथला परवाना लागतो, भारतात आणायला इथली परवानगी लागते. शिवाय 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर वन विभागाकडे नोंदणी करावी लागते. कागद नसेल तर विमानतळावर प्राणी जप्त होतो आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. इथे येऊन दुसरा पाळू म्हणाल तर तेही जमणार नाही. आपल्याकडे रानात सापडणारा शॅमेलिऑन, ज्याला काही भागांत घोयरा म्हणतात, तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, पाळणं, तिन्ही गुन्हा.

सात आठवडे झाले. मादी आता जाळीच्या पिंजऱ्यात, एसीपासून लांबच्या कोपऱ्यात आहे. जंताचं औषध झालं, कॅल्शियम चालू आहे, लघवी पांढरी पडते, दिवसभर डोळे उघडे असतात. वाकलेला पाय मात्र तसाच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. भाच्याच्या ओळखीचं एक कुटुंब तिकडेच कायम राहणारं आहे, त्यांच्याकडे जागा आहे आणि आधीचा अनुभवही. परतायच्या दोन महिने आधी पिंजरा, ट्यूब आणि वाळूच्या बादलीसकट तिला त्यांच्याकडे द्यायचं ठरलंय. मुलाला अजून सांगितलेलं नाही.