कोर्टाची सुट्टी आणि सीमेवरचा पक्षकार

निपाणी आणि कागल यांमध्ये अंतर ते केवढे! परंतु १९ फेब्रुवारीस, शिवजयंतीच्या दिवशी, कागलच्या कोर्टाला कुलूप असते आणि निपाणीच्या कोर्टात, रविवार नसला तर, पक्षकारांचा पुकारा चालू असतो. १ नोव्हेंबरला नेमके याच्या उलट.

याचे मूळ १९५६ सालात आहे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव-निपाणीचा मुलूख मुंबई राज्यातून काढून तत्कालीन म्हैसूर राज्यात घातला गेला आणि तेथील कोर्टे मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारातून गेली. ज्या तारखेला सीमाभागातील मराठी माणूस काळा दिन पाळतो, त्याच तारखेला तेथील कोर्टास राज्योत्सवाची सुट्टी मिळते. दैवदुर्विलास म्हणतात तो हाच! बेळगावची शिवजयंती जुन्या परिपाठाने वैशाख शुद्ध द्वितीयेची, दुसऱ्या दिवशी बसवजयंती. सुट्टी त्या दुसऱ्या दिवसाची. १ मे तेवढा दोहींकडे सुट्टीचा, इकडे महाराष्ट्र दिन म्हणून, तिकडे कामगार दिन म्हणून.

सुट्ट्या वाढवा, असे आमचे म्हणणे नाही. खटले आधीच तुंबलेले आहेत. आम्हास चिंता आहे ती पक्षकाराची. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मुदतीचा अखेरचा दिवस कोर्ट बंद असताना आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. परंतु ही सवलत त्याच कोर्टाच्या सुट्टीपुरती; शेजारचे कोर्ट बंद होते, ही सबब चालत नाही. निपाणीकडच्या शेतकऱ्याने घरात टांगलेल्या मुंबई-पुण्याच्या दिनदर्शिकेतील तांबडा आकडा पाहून तारीख चुकविली, तर त्याचा दावा काढून टाकला जाऊ शकतो, नाहीतर त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालू शकतो. आंबोली घाट चढून ज्यांच्या लेकी त्या मुलखात नांदावयास गेल्या आहेत, त्या आमच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको.

भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचे १९५६ पासूनचे धोरण आहे. निपाणीत मराठी भाषकांचे प्रमाण त्याहून किती अधिक आहे, हे तेथील बाजारपेठेत घटकाभर फिरणाऱ्यासही कळेल. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गुदरलेल्या सीमा-दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. कर्नाटक उच्च न्यायालयाची वार्षिक सुट्ट्यांची यादी निपाणी, खानापूर आणि बेळगावच्या कोर्टांच्या दारावर मराठीत लावावयास त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तेथील वकील मंडळींनी येत्या जानेवारीपूर्वी तसा अर्ज करावा.