पत्र खरं, आतला फोन नंबर खोटा

मागच्या भागात बँकेच्या नावानं येणारे एसएमएस पाहिले. या वेळी पेपालच्या नावानं येणाऱ्या ईमेल.

पेपालनं भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१पासून थांबवले. परदेशातून पैसे येण्याची सोय मात्र चालू राहिली. घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी भाषांतर, डिझाइन किंवा कोडिंग करणाऱ्या अनेकांची कमाई आजही याच वाटेनं येते. त्यामुळे ‘तुमचं खातं तात्पुरतं बंद केलं आहे’ एवढी ओळ वाचली तरी त्यांच्या पोटात गोळा येतो. भामट्यांना नेमकी हीच घालमेल हवी असते.

पेपालची नक्कल जवळजवळ पेपालइतकीच जुनी आहे. २००० साली कुणीतरी त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘एल’ काढून तिथे कॅपिटल ‘आय’ बसवलं आणि तशी साइट उभी केली. पडद्यावर दोन्ही अक्षरं म्हणजे नुसती उभी रेघ. फेब्रुवारी २००५मध्ये एरिक जोहान्सन या अभ्यासकानं याहून पुढची गोष्ट दाखवून दिली. त्यानं त्याच नावात रशियन लिपीतलं ‘ए’ घातलं. डोळ्यांना काडीचाही फरक कळेना, पण पत्ता पूर्ण वेगळा.

ईमेलमध्ये तर नक्कल करायला मिळताजुळता पत्ताही लागत नसे, कारण ईमेल पोचवण्याचे १९८२ साली ठरलेले नियम पाठवणाऱ्याची ओळख तपासतच नव्हते. लिफाफ्यामागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. पुढे मेलवर डिजिटल सही आली. जानेवारी २०१२मध्ये पेपाल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू वगैरे कंपन्यांनी मिळून ‘डीमार्क’ ही पद्धत जाहीर केली. सही जुळली नाही तर त्या मेलचं काय करायचं, हे आता ज्याच्या नावानं ती येते ती कंपनीच सांगू शकते. पेपालच्या खऱ्या पत्त्याची थेट नक्कल त्यामुळे बरीच अवघड झाली.

मग भामट्यांनी पेपालकडूनच पत्र पाठवून घ्यायला सुरुवात केली. या आठवड्याचा खरा विषय हाच.

भामटा पेपालवर खातं उघडतो आणि तुमच्या ईमेलवर एक बिल पाठवतो. बिलासोबत टीप लिहिण्याची जागा असते. तिथे तो लिहितो, ‘तुमच्या खात्यातून ही रक्कम वजा होत आहे. व्यवहार तुमचा नसेल तर ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ मेल पेपालच्या सर्व्हरवरून निघते. पत्ता खरा, सही खरी, आतली लिंकही पेपालचीच. लॉगिन करून पाहिलं तर ते बिल खरोखर तिथे दिसतं. खोटी असते ती फक्त टीप आणि त्यातला नंबर. अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी २०२२मध्ये अशा एका मेलचा माग काढून ती सविस्तर उलगडून दाखवली होती.

नुसतं बिल आल्यानं एक पैसाही जात नाही. पैसे जातात ते फोन केल्यानंतर. पलीकडचा माणूस नम्रपणे बोलतो, ‘पैसे परत करण्यासाठी’ एक अ‍ॅप घ्यायला लावतो, आणि त्या अ‍ॅपमधून तुमचा संगणक त्याच्या ताब्यात जातो. त्याच्या समोर तुम्ही नेटबँकिंग उघडलंत की पुढचं काम त्याला सोपं असतं.

म्हणूनच ‘स्पेलिंग तपासा, पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा, कुलपाची खूण पाहा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो, कधीकधी धोक्याचाही. वर सांगितलेली मेल या सगळ्या परीक्षा पास होते. ब्राउझरमधल्या त्या कुलपासाठी साइटला प्रमाणपत्र लागतं, पण २०१७मध्ये झालेल्या एका मोजणीत, नावात ‘पेपाल’ असलेल्या साइटना एकाच संस्थेनं दिलेली सुमारे १५ हजार प्रमाणपत्रं सापडली. त्यातल्या बहुतेक साइट फसवणुकीच्या होत्या. संवाद वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय, ते सांगत नाही.

त्यापेक्षा मेल बाजूला ठेवा. ब्राउझरमध्ये पेपालचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा आणि पैसे गेलेत का ते पाहा. अनोळखी बिल दिसलं तर भरू नका, तिथूनच तक्रार करा. मदतीचा नंबरही त्या साइटवरूनच घ्या; सर्च इंजिनमध्ये शोधलात तर तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

फोन करून अ‍ॅप घेतलं गेलंच असेल, तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. भामटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवतात. ती वाटेतच गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते.

पुढच्या भागात : यूपीआयवर येणाऱ्या पैशांच्या मागण्या.