अडलेली कात, सापाची

अडलेली कात : सापाच्या बाह्यत्वचेचा जुना, मृत थर एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघणे किंवा त्याचा काही भाग अंगाला, डोळ्यांना अथवा शेपटीला चिकटून राहणे, या अवस्थेस अडलेली किंवा अपूर्ण कात असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. सापाच्या शरीरातील पाण्याची कमतरता, सभोवतालची कोरडी हवा, इजा किंवा अन्य आजार यांचे ते लक्षण होय. निसर्गात मोकळ्या फिरणाऱ्या सापांत ही अवस्था क्वचित आढळते. सर्पोद्यानातील, लोकवस्तीतून पकडून काही दिवस ठेवलेल्या व घरी पाळलेल्या सापांत मात्र ती वारंवार दिसून येते.

कात टाकण्याची क्रिया : सापाची बाह्यत्वचा खवल्यांची बनलेली असून तिच्या पृष्ठावरील केराटीनयुक्त कठीण थर शरीराबरोबर वाढत नाही; तसेच तो झिजतो. म्हणून त्याच्याखाली ठराविक काळाने नवा थर तयार होतो. नवा थर पुरा झाल्यावर दोन्ही थरांच्या मध्ये लसीकेसारखा द्रव साठतो व एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांच्या) क्रियेने जुना थर सुटा होतो. या काळात सापाचे रंग मंद होतात व डोळे निळसर दुधी दिसतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे नेत्रकवच असते व कातेबरोबर त्याचाही बाहेरचा थर निघतो. डोळे काही दिवस धूसर राहून पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर दोन ते चार दिवसांत साप कात टाकतो. संपूर्ण क्रियेस सर्वसाधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात.

प्रत्यक्ष कात टाकताना साप दगड, मूळ किंवा फांदी अशा खरखरीत वस्तूवर ओठांच्या कडा घासतो. तेथे कात फाटते व साप पुढे सरकत जाईल तशी ती पायमोज्याप्रमाणे उलटी होत शेपटीपर्यंत निघते. खवल्यांमधील घडीची त्वचाही उलगडत असल्यामुळे काढलेली कात सापाच्या लांबीपेक्षा बरीच अधिक भरते. पिले वेगाने वाढत असल्याने वारंवार, तर पूर्ण वाढलेले साप वर्षातून थोड्याच वेळा कात टाकतात. जखम झाल्यावर हा काळ पुष्कळदा कमी होतो.

कर्जत-खालापूर परिसर : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी आहेत. उल्हास व पाताळगंगा या नद्यांची खोरी, माथेरानचा डोंगर, बोरघाटाचा उतार, भातखाचरे व वीटभट्ट्या यांमुळे येथे सापांना आश्रय व भक्ष्य दोन्ही मिळतात. धामण, दिवड, नाग, मण्यार, घोणस, फुरसे, तस्कर, कवड्या, हरणटोळ, अजगर, तसेच डोंगराळ भागातील हिरवा चापडा इ. जाती या परिसरात आढळतात. येथील वार्षिक पर्जन्यमान ३०० सेंमी. हून अधिक असले, तरी तो पाऊस बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत मात्र खाचरे भेगाळतात व ओढे आटतात. मोकळा साप अशा वेळी उंदरांची बिळे, वारुळे, बांधाच्या भेगा किंवा विहिरीचे दगडी बांधकाम यांत जातो. तेथील ओलावा कात सुटण्यास पुरेसा असतो. पेटीत किंवा बरणीत कोंडलेल्या सापाला हा मार्ग नसतो. याच कारणाने मुंबईतील वातानुकूलित खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेल्या सापाची कात बाहेर भर पावसाळा असतानाही अडू शकते.

कारणे : हवेतील अपुरी आर्द्रता व पिण्यास पाणी न मिळणे ही प्रमुख कारणे होत. याशिवाय अयोग्य तापमान, कुपोषण, गोचीड व माइट यांसारखे बाह्य परजीवी, भाजल्याचे किंवा जखमांचे व्रण, त्वचेचा संसर्ग आणि अंग घासण्यास खरखरीत पृष्ठभाग नसणे यांमुळेही कात अडते. डोळे धूसर असताना सापाला वारंवार हाताळल्यास खालचा कोवळा थर दुखावतो. नागपंचमीच्या सुमारास गारुड्यांच्या टोपलीत उपाशी व तहानलेल्या ठेवलेल्या नागांची कात अडण्याचा संभव याच कारणाने अधिक असतो. असा नाग पुढे ठेवलेले दूध पितो ते केवळ तहानेपोटी; दूध हे त्याचे अन्न नव्हे.

लक्षणे व तपासणी : अंगावर कोरडे, पांढुरके पापुद्रे दिसणे, शेपटीच्या टोकाशी जुन्या त्वचेची कडी राहणे आणि कात टाकून झाल्यावरही डोळा सुरकुतलेला वा धूसर दिसणे ही मुख्य लक्षणे होत. निघालेली कात तपासणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. डोक्याच्या भागात दोन्ही नेत्रकवचे स्वच्छ गोल पारदर्शक चकत्यांसारखी दिसली व शेपटीचे टोक शाबूत असले, तर कात पूर्ण निघाली असे समजावे. शेपटीवरील कडी वाळून आवळत गेल्यास पुढील भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो व टोक काळे पडून गळून जाते. नेत्रकवचाचे थर प्रत्येक कातेगणिक साचत गेल्यास दृष्टी मंदावते व त्यांखाली संसर्ग होऊ शकतो.

धूसर डोळ्यांचा साप आंधळा, म्हातारा किंवा आजारी असतो, हा समज चुकीचा आहे. अशा सापाला कमी दिसत असल्यामुळे तो दडून राहतो, भक्ष्य नाकारतो व डिवचल्यास लवकर अंगावर येतो. परंतु ही त्याची स्वाभाविक अवस्था असून तीवर उपचाराची आवश्यकता नसते.

उपाय : अडलेली कात ओढून काढू नये, हा सर्व उपायांतील पहिला नियम होय. कोरडी कात ओढल्यास तिच्याबरोबर खालचा अपक्व थर सोलला जातो व उघड्या त्वचेतून जंतुसंसर्ग होतो. प्रथम पेटीतील आर्द्रता वाढवावी. यासाठी एका बाजूस भोक असलेल्या झाकणाच्या डब्यात ओले शेवाळ किंवा ओलसर गोणपाट ठेवतात. साप आपण होऊन त्यात जाऊन बसतो. हवा मात्र खेळती असावी, कारण सतत ओल्या व कोंदट जागेत सापाच्या पोटाकडील खवल्यांवर फोड येतात. एवढ्याने कात न सुटल्यास सापाला २५° ते ३०° से. तापमानाच्या उथळ पाण्यात सु. अर्धा तास ठेवतात. पाण्याची पातळी त्याच्या अंगाच्या जाडीहून कमी असावी व त्याला एकटे सोडू नये. अशक्त साप बुडण्याचा धोका असतो. त्यानंतर त्याला ओल्या, जाड व खरखरीत कापडाच्या घड्यांमधून स्वतःहून सरपटू द्यावे. उरलेले पापुद्रे कापडाला घासून निघतात. कापडाने पुसावयाचे झाल्यास डोक्याकडून शेपटीकडे पुसावे. गरज पडल्यास ही क्रिया दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. तेल चोपडणे हा पाण्याला पर्याय नव्हे.

नेत्रकवच राहिले असल्यास चिमटा, नख किंवा चिकटपट्टी यांचा वापर कधीही करू नये. जुन्या कवचाबरोबर खालचे नवे कवच फाटल्यास डोळा उघडा पडून वाळतो व कायमचा जातो. आर्द्रता राखल्यास राहिलेले कवच पुष्कळदा पुढील कातेबरोबर निघून जाते. तोपर्यंत थांबणे हाच बहुधा सुरक्षित मार्ग असतो. डोळा सुजल्यास, त्यातून स्राव आल्यास, शेपटी काळवंडल्यास किंवा लागोपाठ दोनदा कात अडल्यास पशुवैद्याकडे जावे. कात निघाली तरी तिच्या अडण्यामागील कारण दूर झाले नसेल, तर पुढील कातही अडते.

विषारी सापांच्या बाबतीत वरीलपैकी हाताने करावयाची कोणतीही क्रिया प्रशिक्षित व्यक्तीखेरीज इतरांनी करू नये. आकडी व पारदर्शक नळी यांच्या साहाय्याने सापाचे डोके सुरक्षित ठेवून हे काम केले जाते. मुंबईतील हाफकिन संस्था, चेन्नईतील गिंडी येथील सर्पोद्यान, १९८६ मध्ये स्थापन झालेले पुण्याजवळील कात्रज सर्पोद्यान यांसारख्या ठिकाणी बंदिवासातील सापांच्या देखभालीचा दीर्घ अनुभव आहे.

कायदेशीर बाजू : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या परिसरातील नाग, धामण, अजगर इ. देशी साप पकडणे व घरी पाळणे हा गुन्हा आहे. कर्जत-खालापूरच्या शेतघरात किंवा वाडीत सापडलेला साप कात अडली आहे म्हणून उपचारासाठी ठेवून घेण्याचाही अधिकार खाजगी व्यक्तीस नाही. त्याची सूचना वन विभागास द्यावी लागते. परदेशी जातींपैकी जंगली प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या परिशिष्टांत नोंदलेल्या सापांची, उदा., पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथनची, माहिती देणे व नोंदणी करणे हे अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार बंधनकारक आहे. हा साप जगात मोठ्या प्रमाणावर पाळला जातो व कोरड्या हवेत त्याची कात सहज अडते.

पकडलेल्या देशी सापाच्या हितासाठी त्याला शक्य तितक्या लवकर, पकडलेल्या ठिकाणाच्या जवळच्या योग्य अधिवासात सोडणे श्रेयस्कर असते. डोळे केवळ धूसर असल्यामुळे त्याला पेटीत थांबवून ठेवले, तर पेटीतील कोरडेपणाने व भीतीने जी कात बांधाच्या बिळात सहज निघाली असती तीच अडण्याचा संभव असतो. जखम, माइटांचा प्रादुर्भाव किंवा शेपटीवर आवळलेली कडी असेल तरच त्याला उपचारासाठी ठेवणे योग्य ठरते. उपचार पूर्ण झाल्यावर व साप पाणी पिऊन सावध हालचाल करू लागल्यावर त्याला सायंकाळी, उन्हाचा ताप उतरल्यानंतर, पाणी व आडोसा असलेल्या जागी सोडतात.